फुंकणी आणि आईंचा नवस

बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बिडी सुटली याचं श्रेय आमच्या घरात जो तो घेतो. आई, म्हणजे सासूबाई, म्हणतात, देवामुळे सुटली. धाकटे दीर म्हणतात, त्यांनी जर्मनीहून आणलेल्या मशीनमुळे. माझा नवरा इकडची काडी तिकडे न करता "आम्ही सोडवली" म्हणून मोकळा होतो. मीही थोडं घेते, कारण ते मशीन साफ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आणि घरात जो घासतो-पुसतो त्याला सगळ्यांचं सगळं कळतं.

तेव्हा आम्ही गिरगावातली चाळीतली खोली विकून भाईंदरला, जेसल पार्कला, नवीनच राहायला आलो होतो. बाबा सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले. चाळीत असताना ते गॅलरीत उभे राहून बिडी ओढायचे आणि धूर सगळ्या बिऱ्हाडांत सारखा वाटला जायचा. फ्लॅटमध्ये गॅलरी नव्हती. मग ते संडासात ओढायला लागले. आत शिरले की दाराच्या फटीतून धूर आणि पाठोपाठ खोकला. खोकला असा, की खालच्या मजल्यावरचे लोक नळाला पाणी आलं का ते बघायला उठायचे.

शेवटी एकदा छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि सरळ सांगितलं, "आजोबा, आता ठरवा. बिडी सोडा, नाहीतर घरात ऑक्सिजनच्या सिलिंडरला जागा करा." येताना रिक्षात बाबा म्हणाले, फ्लॅटमध्ये सिलिंडरला जागा कुठाय. आई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नसल्या की समजायचं, काहीतरी शिजतंय.

ते पाडव्याला बाहेर आलं. गुढी उभारून झाली, कडुलिंबाने सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, आणि आई देवासमोर हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "यांची बिडी सुटू दे. हे पुढच्या पाडव्यापर्यंत बिडीला शिवले नाहीत, तर तेव्हाच मी चहा घेईन. तोवर चहाचा थेंब तोंडात घेणार नाही. आणि यांनी मधे एकदा जरी ओढली, तर माझं वर्ष पुन्हा पहिल्यापासून." देवाला ऐकू जायला एवढा आवाज लागत नाही. तो बाबांसाठी होता.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. दुसऱ्याचं व्यसन सुटावं म्हणून बाईने आपल्या जिवाचं काहीतरी सोडायचं. माझ्या आत्याने तिच्या यजमानांची दारू सुटावी म्हणून आंबा सोडला होता. त्यांची दारू काही गेली नाही, आत्याचा आंबा मात्र कायमचा गेला. त्यामुळे आईंनी नवस बोलल्यावर मला त्यांचीच काळजी वाटली. कारण आईंना चहा म्हणजे काय, हे मी रोज बघत होते. सकाळचा पहिला कप घेतल्याशिवाय त्या कुणाशी धड बोलत नसत. दुपारचा चार वाजताचा कप त्या एकट्या, खिडकीशी बसून, बशीत ओतून घ्यायच्या. त्या वेळी फोन वाजला तरी उचलायचा नाही, दार वाजलं तरी उठायचं नाही. अशी बाई चहा सोडते म्हणजे गंमत नव्हती.

बाबांना ते बरोबर कळलं. "बघ, कशी अडकवली," ते मला हळूच म्हणाले. "मी ओढली तर पाप माझं आणि उपास हिचा. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही बाईने." त्या दिवसापासून त्यांनी बिडी बंद केली खरी, पण माणूस पार सैरभैर झाला. लवंग चघळ, बडीशेप चघळ, पेन्सिल तोंडात धर. आई तिकडे आमच्या सगळ्यांसाठी चहा करायच्या, स्वतः घ्यायच्या नाहीत, पण पातेल्यावर जरा जास्तच वाकून उभ्या राहायच्या. डोकं दुखतं म्हणून कपाळाला सुंठ लावायच्या. घरात दोघंही भुकेल्या मांजरासारखी फिरत होती आणि नवरा मला विचारायचा, यांचं भांडण झालंय का.

गणपतीला धाकटे दीर जर्मनीहून आले. बाबा त्यांना म्हणाले, "मला तंबाखू नको, धूरही नको. पण ओढायला काहीतरी पाहिजे रे. तोंडाला आणि हाताला काम पाहिजे." दीर उठले, बॅगेच्या तळातून मोज्यात गुंडाळलेलं एक यंत्र काढलं आणि आरतीच्या तबकाशेजारी ठेवलं. टॉर्चएवढं, काळं. वर काचेची तोटी, बाजूला बटण, पोटात अंगठा मावेल एवढी वाटी, तिला बारीक जाळी. वाटीत सुका पाला घालायचा, बटण दाबायचं, लाल दिवा हिरवा झाला की तोटीतून ओढायचं. पाला जळत नाही, नुसता तापतो. धूर नाही, राख नाही, वाफेसारखं काहीतरी येतं आणि त्याला पाल्याचा वास असतो. चार्जरला लावून ठेवलं की मोबाइलसारखं भरतं.

"हर्बल आहे," दीर म्हणाले. "तुळस, ओवा, निलगिरी, काहीही चालतं."

"आणि भाऊजी, तुम्ही स्वतः यात काय घालता?" मी विचारलं.

"ओवा, वहिनी."

"जर्मनीत ओवा बराच मिळतो वाटतं. मोज्यात गुंडाळून ठेवावा लागतो एवढा."

भाऊजींना एकदम आरतीची वेळ झाल्याचं आठवलं. पुढे सुट्टीभर ते माझ्या वाटेला गेले नाहीत.

डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, बिडीपेक्षा बरं म्हणून थोडे दिवस घ्या, पण याचीही सवय लावून घेऊ नका. आईंनी तेवढ्यात त्या यंत्राचं बारसं करून टाकलं होतं. फुंकणी. बाबा म्हणाले, अगं, फुंकणीतून फुंकतात, हे ओढायचं आहे. "ओढा तुम्ही," आई म्हणाल्या, "नाव मी ठेवते."

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण आमच्या फुंकणीचे पहिले नऊ दिवस फार वाईट गेले. आईंनी पहिल्याच दिवशी कुंडीतली तुळस खुडली, स्वच्छ धुतली आणि तशीच वाटीत भरली. फुंकणीने आतून गुरगुर केली आणि बाबांच्या तोंडात कोमट पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी ओवा मिक्सरमध्ये इतका बारीक केला, की त्याचं पीठ जाळीतून पार होऊन बाबांच्या घशात गेलं. त्यांना ठसका लागला आणि आई म्हणाल्या, बघा, कफ सुटतोय. तिसऱ्या दिवशी वाटी भरली ती भरल्या वांग्यात सारण दाबतात तशी. बाबा ओढ ओढ ओढतायत, गाल आत गेलेत, डोळे बाहेर आलेत, वाफेचा पत्ता नाही.

"आई, सैल भरायचं असतं. हवा जायला जागा पाहिजे," मी म्हटलं.

"कुणाला काही द्यायचं तर हात आखडता घेऊ नये," आई म्हणाल्या.

"यात घ्यायचा."

मग हळूहळू जमलं. ओवा खलबत्त्यात नुसता भरडायचा. तुळस सावलीत वाळवून हाताने चुरायची. अडुळशाचा पाला राई गावातून भाजी घेऊन येणारी मावशी आणून द्यायची. बाबांची बिडी सोडवायला हा खटाटोप चाललाय असं आईंनी सांगितल्यावर ती हसून म्हणाली, "बाये, आमचा म्हातारा तं बिडी सोडाया सांगितली तं मनाव घेत न्हाय. तुमचा निदान सोंग तरी करतोय." आई तिच्यावर दोन दिवस रागावल्या होत्या, पण पाला तिच्याकडूनच घेत होत्या.

वापरणं जमलं तरी सफाई जमली नव्हती. थोड्या दिवसांत वाटीला आणि जाळीला तपकिरी चिकटा धरला, ओढायला जड जायला लागलं. आईंनी एक दिवस फुंकणी उचलली आणि तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर चिंच लावून लख्ख घासली. वरून नळाखाली धरली. त्या दिवशी नेमकं पाणी आलेलं होतं, हे तिचं दुर्दैव. फुंकणी लखलखीत दिसत होती आणि ठार बंद होती.

मी ती पर्समध्ये घालून हाटकेशला एका गाळ्यात नेली, तिथे मिक्सर दुरुस्त करून मिळायचे. गाळेवाल्याने ती उघडली, आतलं पाणी झटकलं, पंख्यासमोर ठेवली आणि तोटीत डोळा घालून विचारलं, "मॅडम, ये अंदर लेके फूंकने का है क्या?" मी म्हटलं, "ससुरजी के लिए है." त्याने माझ्याकडे अशा काही दयेने बघितलं, की मी बिल न विचारता पैसे दिले आणि निघाले.

रात्री दिरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं. पाणी आत कधीच जाऊ द्यायचं नाही. वापर झाला की मशीन कोमट असतानाच वाटी उपडी करून सुक्या ब्रशने झाडायची, गार झाल्यावर पाला चिकटून बसतो. जाळी आणि काचेची तोटी मात्र सुटी करून आठवड्याने स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायची, मग पुसून, वास पूर्ण उडाल्यावरच परत लावायची. केमिस्टकडून स्पिरिटची बाटली आणली तेव्हा बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "आता दारूपण आली घरात. बिडी सोडवता सोडवता हिने संसार कुठे नेऊन ठेवलाय बघा." माळकरी आईंनी बाटलीला हात लावायचं नाकारलं. "तू ऑफिसात कॉम्प्युटर चालवतेस, तुला मशीनचं कळतं," म्हणून सफाई माझ्याकडे आली. दर रविवारी मी जुना टूथब्रश, कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणि एक वाटी स्पिरिट घेऊन बसायचे.

दसऱ्याला आणखी एक प्रकार झाला. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, पक्कड, बाबांचा छापखान्यातला चिमटा, माझा कॅल्क्युलेटर. आईंनी त्यांच्या रांगेत फुंकणीही मांडली. ती यांचा जीव वाचवतेय, तिला आधी मान. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला. वाटीचं झाकण मीच सफाईसाठी काढलेलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दसऱ्याच्या सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे ओवा घातला, हिरवा दिवा लागला, त्यांनी छाती भरून ओढलं आणि त्यांना जो ठसका बसला तो सोनं वाटायला लोक येईपर्यंत थांबला नाही. जाळीवर कुंकवाचा थर होता आणि तांदळाच्या लाह्या झाल्या होत्या. "आयुष्यभर बायकोने ओवाळलं," बाबा डोळे पुसत म्हणाले, "पण आतून ओवाळून घेणारा मी पहिलाच."

दिवाळीच्या सुमाराला बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. सोसायटीचे सेक्रेटरी गुजराती, समोरच राहायचे. एक दिवस ते घसा खाकरत दारात उभे राहिले. "भाभी, बुरा मत मानना. कंप्लेंट आया है. आपके घर से कुछ गांजा टाइप बास आता है. अंकल को खिडकी में बैठके कुछ पीते हुए देखा है."

आईंनी त्यांना आत बसवलं, फुंकणीत ओवा आणि निलगिरी भरली आणि त्यांच्या हातात दिली. "ओढो," त्या म्हणाल्या. "जोर से नहीं. आराम से." सेक्रेटरींना सर्दी होती. त्यांनी ओढलं, नाक मोकळं झालं, पुन्हा ओढलं. मग ते कंप्लेंट विसरून बाबांशेजारी बसले. त्यानंतर सर्दी झाली की ते यायचेच, आणि नंतर नंतर सर्दी नसतानाही यायला लागले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. बाबांचा खोकला कमी होत गेला, मग जवळजवळ थांबला. जिना चढताना ते मधे थांबेनासे झाले. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. एकच गोष्ट विचित्र होती. दिवसभर खोकत नसत, पण बाहेरून आले की दारात उभे राहून जोरात खोकायचे आणि मगच बेल वाजवायचे. आईंनी डॉक्टरांनाही विचारलं, "खोकला गेला, फक्त दारातच येतो, हे कसं?" डॉक्टर म्हणाले, जिन्याच्या धुळीने येत असेल.

थंडीत एका रविवारी मी जाळी काढली आणि थबकले. ओव्याचा चिकटा तपकिरी असतो आणि त्याला ओव्याचाच वास येतो. हा काळपट होता, जाळीच्या भोकांत बारीक काळी कणी अडकलेली होती, आणि वास तुरट, करपट. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. माझं डोकं फिरलं. या मशीनमध्ये तंबाखूही घालता येते, हे भाऊजींनीच एकदा सांगितलं होतं. म्हणजे म्हाताऱ्याने बिडी सोडून तंबाखू फुंकणीतून सुरू केली. आणि तिकडे त्यांची बायको चहावाचून डोकं बांधून बसलीय.

आई बाजारात गेल्या होत्या. मी जाळी बाबांच्या पेपरवरच ठेवली.

"बाबा, यात काय घालता?"

"ओवा."

"ओव्याला हा वास येत नाही."

बाबांनी जाळी उचलली, वास घेतला, चष्मा वर करून बराच वेळ बघितली. मग हसले. "पकडलंस. तंबाखू आहे."

ते इतकं सहज म्हणाले, की मला आणखीच चीड आली. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, डॉक्टरांचं जाऊ दे, तुमच्या छातीचंही जाऊ दे, पण ती बाई वर्षभर तुमच्यासाठी जीव जाळतेय याची काही लाज? आई परत आल्या की मी सगळं सांगणार. तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. "तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "मला काय बोलायचं ते बोल. पण तिच्याशी या जाळीबद्दल एक शब्द काढू नकोस. एवढं माझं ऐक."

मी दोन दिवस धुमसत राहिले. सांगितलं तर आईंचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. नाही सांगितलं तर त्या फसल्या जातायत आणि बाबांच्या छातीचं परत खोबरं. मग ठरवलं, यांना रंगेहाथ पकडायचं आणि अशी दहशत घालायची की पुन्हा हात लावणार नाहीत. शनिवारी ऑफिसातून लवकर निघाले आणि चारच्या सुमाराला लॅचकीने आवाज न करता दार उघडलं.

बाहेरच्या खोलीत बाबा नव्हते. स्वयंपाकघरात आई खिडकीशी पाटावर बसल्या होत्या. शेजारी चहापत्तीचा डबा उघडा. हातात फुंकणी. हिरवा दिवा लागलेला. त्यांनी डोळे मिटून तोटीतून हळू ओढलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि अगदी पातळ वाफ खिडकीबाहेर सोडली. माळ गळ्यात, पदर खांद्यावर, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी तो चेहरा पाडव्यापासून बघितलाच नव्हता.

"आई?"

मला वाटलं, दचकतील. त्यांनी एक डोळा उघडला. "आलीस? चपला बाहेर काढ आधी."

"तुम्ही चहा सोडलाय ना?"

"प्यायचा सोडलाय. थेंब तोंडात घेणार नाही, असं बोलले होते. यात थेंब कुठाय? दाखव."

मी वाकून बघितलं. थेंब नव्हता.

"देवाला चालेल हे?"

"देवाला मी सांगून ठेवलंय. तुला विचारलं नाहीये."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना. हसता हसता विचारलं, कसा लागतो? त्यांनी विचार केला. "चहा नाही लागत," त्या म्हणाल्या. "शेजारच्या घरात कुणीतरी चहा टाकलाय, एवढंच वाटतं. पण तेवढ्याने दुपार जाते." मग तोटी पदराने पुसून माझ्यापुढे केली. मी ओढलं. खरंच, शेजारच्या घरचा चहा. "यांना सांगू नकोस हं," आई म्हणाल्या. "त्यांना वाटेल, ही एवढी मोठी नवस करणारी, आणि बघा."

आणि मला जाळी आठवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मीच दिली होती. तेवढ्यात दाराबाहेर जोरात खोकला ऐकू आला. आईंनी सराईत हाताने वाटी झाडली, डबा बंद केला, फुंकणी चार्जरला लावली. खोकून झाल्यावर जरा वेळ गेला, मग बेल वाजली.

त्या संध्याकाळी बाबा खाडीकडे फिरायला निघाले तेव्हा मीही गेले. म्हटलं, "बाबा, तुम्ही खोटं का बोललात? तंबाखू नव्हती ती."

ते कट्ट्यावर बसले. "कळलं तर तुला," म्हणाले. मग सांगितलं. थंडी सुरू होताना एक दिवस त्यांचा धीर सुटला होता. खाली जाऊन बिडी घेतली, शर्टाच्या खिशात घातली आणि संडासात बसून ओढायची म्हणून चोरपावलांनी घरात आले. स्वयंपाकघराच्या दारातून आई दिसल्या, अशाच बसलेल्या.

"ती रोज सगळ्यांना चहा करून देते," बाबा म्हणाले. "आणि स्वतः कोपऱ्यात बसून त्याचा नुसता वास ओढतेय. कुणामुळे? माझ्यामुळे. मी तसाच उलट्या पावली खाली आलो. बिडी खाडीत टाकली. काय झालं सांगू, मला तिची इतकी दया आली, आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की ओढायची इच्छाच गेली. अजून नाही आली."

"आणि खोकला?"

"मग काय करू? तिला आवरायला वेळ नको?"

पदर असता तर डोळ्याला लावला असता, ड्रेसची ओढणी लावली.

पाडवा आला. बाबांनी वर्षभर बिडी ओढली नव्हती. गुढी उभी राहिली, नवऱ्याने उत्साहाने म्हटलं, "आई, आज पहिला कप." आणि आई देवासमोर बसल्या त्या उठेचनात.

"माझं वर्ष झालं नाही," त्या म्हणाल्या. "मी मधे चहा ओढलाय. थेंब नव्हता, थेंब नव्हता म्हणून मनाची समजूत घातली. पण देवाला काय कळत नाही? हे पाळलं यांनी. मी नाही पाळलं. आता आणखी एक वर्ष." एवढ्या मिश्कील बाईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाणी बघितलं. नवरा माझ्याकडे बघतोय, चहा ओढला म्हणजे काय, त्याला काही उमगेना.

बाबा उठले. टोपी घातली, चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?" आईंनी विचारलं.

"बिडी आणायला."

"सणाचं काय बोलताय?"

"नवस दोघांचा एकच होता ना? तुझं वर्ष वाया गेलं, तर माझंही गेलं. मग मी कशाला तोंड बांधून बसू?" बाबांनी दाराची कडी काढली. "तू आज चहा घेतलास तर दोघांचं पुरं झालं. नाही घेतलास तर मी निघालो."

"डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हणूनच म्हणतो, लवकर सांग."

आईंनी देवाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबांनी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. "काढा त्या चपला," आई चिडून म्हणाल्या. "घेते मी. या वयात बायकोला धमक्या देतात. पण मी करणार नाही. नवसाचा चहा आपल्या हाताने करून प्यायचा नसतो."

"असं कुठे सांगितलंय?"

"मी सांगतेय ना."

बाबा स्वयंपाकघरात गेले. मी मदतीला उठले तर हाताने बस म्हणाले. आत डबे उघडल्याचे, काहीतरी सांडल्याचे, गॅस दोनदा विझल्याचे आवाज आले. मग पातेल्यात पाणी उकळायला लागलं आणि आतून बाबांनी विचारलं, "अगं, तुला साखर किती लागते?"

आईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या तशाच राहिल्या. आमच्यापैकी कुणाला किती लागते ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बाबांना दोन चमचे, मला एक, नवऱ्याला दीड, सेक्रेटरींना वेलची घालून. त्यांना स्वतःला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"अगं, किती?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"तीन," आई म्हणाल्या. "तीन चमचे लागते मला. आजवर कधी तेवढी घेतली नाही."